सहाशे दशांश सेकंद

देवगडच्या सोसायटीतून फोन:
तुमचा तो जुना प्रोग्रॅम नव्या मशीनवर बोलत नाही.
म्हटलं, बोलणार नाहीच.
ती विधानंच भाषेतून काढून टाकलीत,
लिंकपोक, लिंकरिक्वेस्ट, लिंकमोड.
आता लिहिली तर खाली लाल रेघ उमटते,
ऱ्हस्वदीर्घाखाली गुरुजी ओढायचे तशी.
तरी निघालो कुडाळहून, मोटरसायकलनं,
नांदगाव तिठ्यावर एक चहा.
बंदरावर वास तोच. डिझेल, मीठ,
बर्फाखालचा भिजलेला भुसा.

सत्त्याण्णवात इथे दोन कॉम्प्युटर होते.
खाली शेडमध्ये काट्याला लावलेला,
त्यावर लाडू कोयंडे.
वर माडीवर हिशेबाचा,
त्यावर चंद्रप्रभा कोयंडे, लाडूची चुलतवहिनी.
मधे एक काळी वायर, जिन्याच्या कठड्याला सुतळीनं बांधलेली.
आणि त्या दोघांत अबोला.
बांधावरून. हातभर रुंदीच्या बांधावरून,
नि त्यावरच्या एका फणसावरून.
कोर्टात तारखा चालूच.

मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं.
मी पंचवीस वर्षांचा, नवाकोरा डिप्लोमा,
दोन प्रोग्रॅमांची ओळख करून देत होतो:
नाव काय, विषय कुठला, कुठल्या घरातला आकडा हवा.
लग्न जमवण्यासारखंच, फक्त पत्रिका नाहीत.
समोरचा प्रोग्रॅम झोपलेला असला
की चूक क्रमांक दोनशे ब्याऐंशी:
समोरून कुणी ओ दिली नाही.

एक पद्धत अशी की तिकडे वजन हललं
की इकडे आपोआप उमटणार.
बाई म्हणाल्या, नको. मी मागेन तेव्हाच दे.
दुसरी अशी, की फक्त कळवायचं, काहीतरी बदललंय,
काय ते सांगायचं नाही.
बाई हसल्या. ते आमच्या घरात आहेच, म्हणाल्या.

मागितल्यावर उत्तराची वाट
पाच सेकंद बघायची असा मूळ नियम,
दशांशात पन्नास.
लाडूचा प्रोग्रॅम एकेका वजनाला एंटर मागायचा
आणि एंटर दाबणारा टपरीवर असायचा.
रोज बाईंच्या पडद्यावर दोनशे ब्याऐंशी.
मी पन्नासचे सहाशे केले.
एक मिनिट.
शेजारी शेरा लिहिला, हिरव्या अक्षरात:
थांब, माणूस येतोय.

मेच्या शेवटी बिघाड बघायला गेलो होतो.
बांगडा, बेचाळीस किलो तीनशे.
सुरमई, अकरा आठशे.
पुढच्या ओळीत वजन शून्य, माशाचं नाव नाही,
आणि शेऱ्याच्या रकान्यात:
बांधावरलो फणस पिकलो. पोराक धाडतंय.
बाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.
मी वायर तपासत असल्यासारखा खाली वाकलो.
मग त्यांनी ते बटण दाबलं,
दर चुकला तर उलट कळवायला मी दिलेलं,
लिंकपोक, शब्दशः बोटानं डिवचणं:
कापो काय बरको?

उत्तर काय आलं ते मी पाहिलं नाही.
जिन्यावरून उतरताना खालून हसू ऐकल्यासारखं वाटलं,
पण बर्फाचं मशीनही तसंच घरघरतं.
कोर्टाची केस म्हणे अजून निकालात नाही.
लाडूही नाही, बाई मुलीकडे गोव्यात.

नवी व्यवस्था छान आहे.
सगळे आपापला आकडा एकाच ठिकाणी नेऊन टाकतात,
कुणी कुणाला काही विचारत नाही,
थांबण्याचा प्रश्नच येत नाही.
दुपारपर्यंत काम झालं. चेअरमनच्या मुलानं सुरमई खाऊ घातली.

जुनी फाइल शेवटची एकदा उघडली.
तिनं विचारलं: दुवे ताजे करायचे का?
नको म्हटलं.
मग जे होतं तेच राहिलं घरांत:
वजन शून्य दशांश शून्य शून्य शून्य,
आणि शेऱ्यात, लाडूच्या स्पेलिंगनं,
चाय पिवक जातंय.

मी मिनिटभर तसाच बसलो.