कोरी बाजू

म्युनिकच्या विजयकमानीशी
कोर्बिनियन सायकल हातात धरून थांबलेला,
पँटच्या पायाला कपड्याचा चिमटा.
"सगळे तिकडून फोटो काढतात," म्हणाला,
"सिंहांची तोंडं तिकडं ना!
तू मागं चल."

मागं कमानीचं कपाळ
कोरं.
युद्धात फुटलं ते पुन्हा कोरलंच नाही.
साधे दगड बसवले, आणि वर तीन गोष्टी लिहिल्या:
विजयासाठी बांधली,
युद्धानं मोडली,
आता शांततेचं सांगत उभी आहे.

"बाप माझा इथं गवंडी.
आठ वर्षांचा असेन मी, डबा आणायचो त्याचा.
विचारलं, इथं कोण काढणार आहेस? घोडा?
म्हणाला, कोणी नाही.
आणि पाणसळ लावून बघत बसला,
बुडबुडा मधोमध येईपर्यंत.
सूप गार."

घरी आई चिडायची.
नक्षीकामाला तासाचे पैसे जास्त होते.

सिग्नल सुटला. बस गेली, तिच्यामागे
कॉलेजची पोरं, एकाच्या पाठीवर चेलो.
कोर्बिनियननं बोट वर केलं:
"डावीकडून चौथा. केसभर तिरका बसलाय.
आईला बरोबर दिसायचा,
दर रविवारी, चर्चहून येताना.
बाप मान खाली घालून चालायचा."

मी डोळ्यांवर हात धरून
बराच वेळ पाहिलं.
सगळे सारखेच.

"दिसला?"

"हो," म्हटलं, "थोडासा."

"थोडासाच आहे," तो म्हणाला,
आणि सायकलवर टांग टाकली.