शनिवार, एकशे ऐंशी डिग्री

चष्मा बाहेर खुंटीवर ठेवायचा.
फ्रेम तापते, कानामागे चटका बसतो.
मंगळसूत्रही काढायचं. ते पहिल्याच शनिवारी कळलं:
सोनं तापलं की सांगतं
ते अंगावर नेमकं कुठे कुठे आहे.
दिगंबर गेल्यावरही जे उतरवलं नव्हतं
ते मी हॅनकॉक, मिशिगन इथे
साबणाच्या एका रिकाम्या डबीत ठेवलं
आणि देवदाराच्या फळीवर जाऊन बसले.

आयली निस्कानेन, वय सत्त्याऐंशी.
सॉना म्हटलेलं तिला चालत नाही.
साउना, ती म्हणते, ओठ गोल कर.
तिचे आजोबा तांब्याच्या खाणीत होते.
त्यांनी आधी ही न्हाणी बांधली, मग घर.
पुढे घर जळलं, न्हाणी राहिली.
आग कुणाला ओळखते, बघ, असं म्हणून ती हसते,
दर शनिवारी, नव्यानं सांगितल्यासारखी.

शिकागोहून ओजस काहीबाही वाचायला पाठवतो.
आठवड्यातून चारदा, वीस वीस मिनिटं,
काळजाला बरं, रक्तवाहिन्या सैलावतात,
पेशींचं म्हातारपण कदाचित लांबतं.
'कदाचित' सोडून बाकी सगळ्याखाली
त्यानं पिवळी रेघ ओढलीय.
मी शाळेतलं त्रैराशिक मांडते:
चारदा गेलं तर इतकी वर्षं,
एकदाच गेलं तर किती?
उत्तर अपूर्णांकात येतं.
एक अख्खा मार्च आणि एप्रिलचे चार दिवस.
इथे मार्चमध्येही बर्फच असतो.

शेवटी विचारलंच तिला,
यानं म्हातारपण थांबतं का गं?
तिनं ओगराळ्यानं दगडांवर पाणी टाकलं.
वाफ आधी छताला गेली, मग वळून
खांद्यांवर येऊन बसली, ओळखीच्या माणसासारखी.
हिला आमच्यात वेगळं नाव आहे, ती म्हणाली,
चहाच्या वाफेला ते चालत नाही.
पूर्वी त्याच शब्दाचा अर्थ प्राण असा होता.

मग बराच वेळ काही नाही.
मग: मी या फळीवर जन्मले.
आईला शेवटचं धुतलं तेही इथेच.
थांबवायला इथे कुणी आलं नाही, निला.
अंग धुवायला येतात.

(नीलांबरी तिला जमत नाही. साउना मलाही नीट जमत नाही.)

मला बाजेखालची शेगडी आठवली,
निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा,
डोळ्यांतून पाणी, मांडीवर बारा दिवसांचा ओजस.
दारात आत्या उभी: शेक घे मुकाट्यानं,
नाहीतर पन्नाशीत कंबर बोलेल.
घेतला. सव्वा महिना घेतला.
कंबर पन्नाशीत बोललीच.
पुरावा हवा असेल, ओजस, तर माझ्याकडे हा एवढाच.

भिंतीवर वाळूचं घड्याळ आहे, पंधरा मिनिटांचं.
दमट हवेनं वाळू मानेत अडकते.
सातव्या-आठव्या मिनिटाला काळ खरोखरच थांबतो,
पाहिलाय मी, बोटभर काचेत.
आयली कण्हत उठते,
पेरानं टकटक करते,
धार पुन्हा सुरू झालेली नीट बघते
आणि मगच बसते.

नंतर आम्ही दोघी दारात उभ्या राहतो.
बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकलेला.
अंगातून वाफ निघते,
कुणी पोटात बंब पेटवल्यासारखी.
चष्मा नसतो, त्यामुळे आयलीला वय नसतं.
अंधारात एक उंच पांढरं काहीतरी, बिअरचा कॅन हातात.
मी तिला कशी दिसते कोण जाणे.
तिचा मोतीबिंदू अजून काढायचाय.

डबी उघडून गळ्यात घालते तेव्हा
सोनं थंडगार असतं, अंग दचकतं.
दोन मिनिटं.
मग ते माझ्याएवढंच कोमट होतं
आणि कुठे आहे ते कळेनासं होतं.