पोटात घेणारा कागद

हानुस खिशातून सुतळी काढतो.
भिंतीचं माप, दोन गाठींत.
मी पट्टीला लावून बघते : एकशे दहा सेंटिमीटर.
माझ्या यंत्राचा रोल एकशे अकराचा, थोडा जास्तच.
"बसतंय," म्हणते, "अंगावर बेतल्यासारखं."

क्लाक्सविकच्या बंदरात आज बोटी नाहीत,
म्हणजे असतील, धुक्यात.
अशा हवेत कागद कडेने वळतो,
म्हणून रोल मी शेगडीपासून लांब
आणि खिडकीपासूनही लांब ठेवते,
लग्नाच्या वयाच्या पोरीसारखा, असं माझा नवरा म्हणायचा.
त्याला पोरी नव्हत्या. कागदही कळत नव्हता.

फोटो हानुसच्या वडिलांनी काढलेला :
वाऱ्यावर मटण वाळवायची फळ्यांची खोपी,
फळ्याफळ्यांमधून उजेडाच्या चिरा,
आणि मधोमध उघडं दार.
अर्धा फोटो म्हणजे ते दार.
अर्धा फोटो म्हणजे काळोख.

तर कागद.
चकचकीत नको, हे त्यालाही कळत होतं.
"समोर खिडकी आहे," म्हणाला,
"भिंतीवर समुद्रच दिसत बसेल. तो आहेच की बाहेर."
कॅनव्हासचं नाव मी काढलं नाही.
ज्याला फोटोचं चित्र झालेलं हवं असतं
तो स्वतःच विचारतो.
फार पांढरा कागद आधी डोळ्यांत भरतो;
त्यातली चमकवणारी पूड विझली की
दहा वर्षांत दातांसारखा पिवळा पडतो.

राहिले दोन.
एक बरायटा : अंगाला किंचित तकाकी,
हातात धरला की पत्र्यासारखा वाजतो,
त्यावर काळा उतरतो तो काळाभोर,
विहिरीत वाकून पाहावं तसा, आत आणखी आत.
दुसरा सुती, तीनशे दहा ग्रॅमचा :
बोटांना धुतलेल्या चादरीसारखा लागतो,
त्यावर काळा म्हणजे काजळी,
तव्याच्या पाठीची, बोट लावलं तर निघेल अशी.

आधी बरायटावर पट्टी काढली, हातभर, फक्त दाराची.
नळ्या एकदा अडल्या, साफ केल्या, पुन्हा.
पट्टी वाळेपर्यंत कॉफी.
मग भिंगाखाली धरली तर
दाराच्या आत कुणीतरी बसलेलं.
गुडघे जवळ घेतलेले. रुमालाची गाठ हनुवटीखाली.
तोंड वळवलेलं,
नेमकं त्याच क्षणी वळवलेलं.

हानुसने भिंग बराच वेळ खाली ठेवलं नाही.
"सुन्वा," म्हणाला. आईला नावाने.
"कॅमेरा निघाला की ती खोपीत जायची.
आमच्या घरात तिचा एकही फोटो नाही.
आम्हाला वाटायचं, बाबांनी काढलाच नाही."

मी काही बोलले नाही. मी कागद विकते.
मनात मात्र ठरवून टाकलं : बरायटा.
आता दुसरं कोण काय निवडेल?
साठ वर्षं अंधारात बसलेली बाई
भिंतीवर, एकशे दहा सेंटिमीटर, सगळ्या गावासमोर.

"दुसऱ्यावर काढ," हानुस म्हणाला.

काळी शाई बदलावी लागते त्यासाठी.
जुनी नळीतून वाहून जाते, फुकट, महागाची.
बदलली. सुती कागद सरकू लागला,
डोकं इकडून तिकडे, इकडून तिकडे,
विणायला बसल्यासारखं.
फळ्या आल्या. उजेडाच्या चिरा आल्या.
दार आलं, मऊ, काजळलेलं,
आणि त्यात कुणी नाही.
मी भिंग लावून पाहिलं. तिरकं धरून पाहिलं.
या कागदाने तिला पोटात घेतलं होतं.

हानुसने मान हलवली,
गिऱ्हाईक मापात बसलेल्या बुटाला हलवतं तशी.
"आता ती आहे," म्हणाला.

चोवीस तास वाळू दिला, मग गुंडाळून दिला.
बरायटाची पट्टी त्याने मागितली नाही,
मीही पुढे केली नाही;
ती नमुन्यांच्या खणात आहे, पालथी.
वाहून गेलेली शाई बिलात लावली नाही.
लावायला हवी होती, खरं तर.
सुतळी तो विसरून गेला.