शंभराला एक

खंडेनवमीला भट्टीला हार, क्रेनला हार,
चाळण्या, घण, ग्राइंडर, सगळ्यांच्या कपाळी कुंकू.
सन्मतीताई मगदूम तीनच मिनिटं बोलल्या:
"पुढच्या खंडेनवमीपर्यंत
आपला एकही नग पुण्याहून परत येता कामा नये."
टाळ्या झाल्या. पेढे संपले.
दुसऱ्या दिवशी पेंटरनं ते वाक्य
निळ्या रंगात भिंतीवर चढवलं,
'एकही'च्या खाली दोन रेघा ओढून.

आणि सोमवारी ते माझ्या टेबलावर येऊन बसलं.
शिरोलीच्या फौंड्रीत बावीस वर्षं काढली,
वाक्य कशात ओतायचं असतं
ते कुणी शिकवलं नव्हतं.

त्या महिन्यात परत आलेले नग एक्केचाळीस.
शेडच्या मागं, बाभळीखाली मांडले,
पुसले, खडूनं गोल काढले.
एकोणतीसांना एकच रोग:
वरून गुळगुळीत, पोटात भोक.

वाळूपाशी दस्तगीर शिकलगार.
मूठभर वाळू दाबतो, मूठ उघडतो,
ढेकूळ अंगठ्यानं मोडतो,
"झालं," म्हणतो, आणि ते झालेलं असतं.
मी ओलावा मोजायचं मीटर आणलं तर म्हणाला,
"ह्यो तंबाखू खातो काय?"
मीटरनं त्याच्या मुठीचीच री ओढली.
पण रात्रपाळीला ती मूठ घरी झोपलेली असते.
रात्री असतो एकोणीस वर्षांचा विश्वजित,
एका हातात नळी, एका हातात मोबाइल,
पाणी अंदाजपंचे.

मग तेलाचा रिकामा डबा घेतला.
दस्तगीरनंच खिळा ठोकून त्याला
बरोबर एका उंचीवर भोक पाडलं.
"ह्याच्या वर पाणी टिकतच न्हाई.
आता चुकून दाखव म्हणावं."

एकोणतीसांचे सतरा झाले.

उरलेल्यांसाठी कोअरच्या खोलीत गेलो.
आक्काताई नेजदार हातातलं काम न सोडता म्हणाल्या,
"दोन वर्सं झाली सांगून,
खिडकीपाशी कोअर ठेवू नगासा, रातीत दव खात्यात."
कुणाला सांगितलं होतं?
"तुमास्नीच की."

वहीत लिहिलं ते. तारीख घातली. खाली माझंच नाव.
ओव्हनशेजारी फळी ठोकून घेतली,
आठशे चाळीस रुपये, खिळ्यांसकट.

आकडा उतरत गेला, मग चैत्रात
निम्मी माणसं जोतिबाला गेली आणि पुन्हा तेवीस.
ताईंना कळवायला हात धजेना.
पॅटर्नशॉपमध्ये जाऊन नुसता बसलो.
रंगराव सुतार सागवान तासत होते.
चाळा म्हणून त्यांची पट्टी माझ्या पट्टीला लावली,
त्यांचा फूट माझ्या फुटापेक्षा लांब.

"मेस्त्री, पट्टी चुकलीया तुमची."
"लोखंड गार होताना शंभराला एक आकसतं.
म्हणून साचा मोठाच धरायचा."
रंधा थांबला नाही.
"भिंतीवरचं बी तसलंच समज."

संध्याकाळी स्कूटरवर, पंचगंगेच्या पुलावर,
ते बोलणं गोड वाटलं, आणि तेवढ्यातच खटकलं.
शंभराला एक, हे लोखंडाचं.
मी तेवीसला पट्टी लावून
स्वतःला माफ करत होतो.

दुसऱ्या दिवशी डब्याजवळ विश्वजितला उभं केलं,
त्याच्याकडून दस्तगीरची मूठ गिरवून घेतली,
आठवडाभर, रोज, चहाच्या आधी.

यंदाच्या खंडेनवमीला आकडा सहा.
भाषणासाठी 'जवळजवळ' हा शब्द तयार ठेवला होता.
ताई मांडवात आल्याच नाहीत,
आधी शेडमागं गेल्या, बाभळीखाली.

"सहा?"
"सहा."

वाटलं, भिंतीकडं बघतील.
त्या उकिडव्या बसल्या,
नव्या साडीचा काठ वाळूत लोळला.
पहिला नग पालथा केला, भोकात बोट घातलं.
"हा कुठल्या पाळीचा?"

मला माहीत नव्हतं.

आतून आरतीसाठी हाका चालल्या होत्या.
दस्तगीर खडू घेऊन आला,
आणि त्यांच्या शेजारी बसला.