चौथी ओळ

लेबलावर चार ओळी मावतात.
पहिलीत नाव, दुसरीत साल,
तिसरीत काय काय घातलंय ते.
चौथीत प्रांत, मालाडच्या छापखान्यातला पोरगा म्हणाला,
फ्रेंच लोक तर म्हणे उताराची दिशासुद्धा लिहितात.
तुमचं काय लिहू?
संध्याकाळपर्यंत सांगतो, म्हणालो,
आणि मार्वेहून तरीनं मनोरीला उतरलो.

आपोलीन मावशी मागच्या पडवीत
बरण्यांच्या तोंडाचं मलमल सोडत होती.
एकीत फेब्रुवारीतली काळी द्राक्षं,
एकीत मे महिन्यातली करवंदं,
तिसरीत जांभळं,
जी यंदा तिनं झाडाखालून वेचली नाहीत,
बोरिवलीच्या बाजारात घासाघीस करून आणली.
झाडाच्या जागी आता कुणाच्या तरी बंगल्याचा तरणतलाव आहे
आणि जून आला की, मावशी सांगते,
त्या निळ्या लाद्यांवर अजून जांभळे डाग पडतात.

मावशी मापानं मिसळत नाही.
पळी, जीभ, मग बराच वेळ नुसतं कुंपणाकडे बघणं.
"द्राक्ष लय बोलतं, त्याला पुढं बसवायचं नाय.
करवंद भांडकुदळ.
जांभूळ उशिरा येतं,
पण आलं की जीभ सोडत नाय."

मी वही काढली. प्रांत?
द्राक्षं दिंडोरीची, टेम्पोतून आलेली.
लवंग केरळची असणार, दालचिनी देव जाणे.
मूठभर गहू, रेशनचा.
करवंदं तेवढी गोराईच्या टेकडीवरची,
तीही कातकरणीनं दारात आणून दिलेली.
आणि पाणी?
मावशीनं पळी धुतली. पुसली. पुन्हा धुतली.

कोपऱ्यात वीस लिटरची निळी बाटली उपडी होती.
स्कूटरवरून येते, एक दिवसाआड.
बाव खारी झाली त्याला तीन वर्षं झाली.
आधी अळू मेलं,
मग साबणाला फेस येईना,
मग एका सकाळी चहा नासला
आणि काका म्हणाले, दर्या आत आला.
तेवढंच म्हणाले. बावीवर पत्रा टाकला.

पण उद्या लिओनीचं लग्न,
आणि उंबराचं पाणी काही निळ्या बाटलीतून काढत नाहीत.
दिवेलागणीला पत्रा सरकवला.
लाल लुगड्यांतल्या बाया, क्लॅरिनेट,
बाजाच्या मागे कुत्रं, कुत्र्यामागे पोरं.
कळशी सोडण्याआधी मावशी पुढे झाली,
पदराआडून पळी काढली, भरलेली,
आणि नवी वाइन, अजून कुणी न चाखलेली,
बावीत ओतली.
आवाज झाला नाही. फार खोल नव्हतंच पाणी,
तरी बराच वेळ सगळे वाकून बघत राहिलो
कुठे काही लाल दिसतंय का.

बाजा पुन्हा सुरू झाला.
लिओनीच्या डोक्यावर पहिला तांब्या पडला
तेव्हा तिनं ओठ चाटले
आणि तोंड वाकडं केलं.
बाया हसल्या. मावशी हसली नाही,
काय चव लागली, असं अगदी धंद्याच्या आवाजात विचारलं.
"खारट," लिओनी म्हणाली, "आणि... थांब,
नाय, खारटच."

छापखान्याला फोन करायचा राहूनच गेला.
शेवटच्या तरीनं लेबलं आली, ऐंशी,
चौथ्या ओळीत त्या पोरानं आपल्याच दुकानाचा पत्ता टाकलेला:
मालाड पश्चिम, मुंबई ६४.
मी शिव्या घालत होतो.
मावशीनं चष्मा लावून एक लेबल वाचलं,
खळ लावून बाटलीवर दाबलं, कडेनं अंगठा फिरवला.
"आसू दे. छपाई बरी हाय."

मग रात्री दोनपर्यंत आम्ही लेबलं लावली.
अधूनमधून ती उठून मागे जायची.
पत्रा अजून उघडाच होता.