दोन लेटरहेड

सकाळी मी चार्ल्स नदीच्या त्या काठावर शिकवते,
जिथे बसा भरभरून माणसं येतात
आणि पुतळ्याचा बूट चोळून जातात,
आपलं पोर इथे लागावं म्हणून.
बूट सोन्यासारखा झालाय.
पुतळ्याचं तोंड मात्र काळं.

संध्याकाळी या काठावर,
टायरच्या दुकानामागच्या कॉलेजात.
इथे चोळण्यासारखं काही नाही.
एक कॉफीचं मशीन आहे,
त्याला लाथ घालावी लागते.

प्रमेय तेच.
मूळ संख्यांना शेवट नाही.
समजा, एक सगळ्यात मोठी आहे,
असं म्हणून तिला चढवून बसवायचं,
आणि पंधरा मिनिटांत खाली उतरवायचं.
खडूही तोच. तिकडचा खिशातून इकडे येतो,
एवढी चोरी मी करते.

तिकडे थॅडियस. सभागृहाला त्याच्या पणजोबांचं नाव.
हात वर न करताच बोलतो.
पण खोटं कशाला सांगू,
गेल्या मंगळवारी त्याने असं काही विचारलं
की रात्री दोनला उठून मी कागद शोधत होते.
बडा घर, पोकळ वासा
म्हणून मोकळं व्हायची सोय नाही.
वासे वाजवून पाहिलेत मी.
ओक आहे. भरीव.

फक्त एवढंच, की
त्याच्या चुकांचं भाडं
कुणीतरी आधीच भरून ठेवलंय.

इकडे डुल्से बार्बोझा.
हॉस्पिटलच्या धुलाईघरातून थेट वर्गात,
बोटांना ब्लीचचा वास,
वहीत प्रत्येक उत्तराखाली पट्टीने ओढलेली रेघ.
सहा आठवडे तिचा एकच प्रश्न:
हे परीक्षेला आहे का?

काल खुर्च्या टेबलांवर उलट्या चढल्या,
सफाईवाला दिवे मालवू लागला,
तरी ती फळ्यापाशीच.
"म्हणजे सगळ्यात मोठं असं कुणीच नसतं?"
नसतं, म्हटलं.
"मग लोक याद्या कसल्या करतात?"
संख्यांचंच विचारत होती.
बहुतेक.

आता तिला शिफारसपत्र हवंय.
मी लिहिलं: चिकाटी, स्वच्छ विचार, कुतूहल.
मार्चमध्ये थॅडियससाठी हेच लिहिलं होतं,
याच क्रमाने.

टेबलावर दोन लेटरहेड.
एकावर ढाल, सिंह आणि लॅटिन ओळ,
जिचा अर्थ सगळ्या विभागात
फक्त रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला सांगता आला.
दुसऱ्यावर फोन नंबर,
तोही दोन वर्षांपूर्वी बदललाय.

नियमाने दुसरं.
तिला मी तिथेच शिकवलंय.

बराच वेळ प्रिंटरचा हिरवा दिवा बघत बसले.
रोज बसमध्ये ज्या नावाला हसते,
पगार विचारला की ज्या नावाची आठवण देऊन
मला गप्प करतात,
ते नाव पालथं घातलं ट्रेमध्ये.

पान गरमच बाहेर आलं,
सिंहासकट.
खाली माझी सही.

बूटच चोळला की मीही.
दुसऱ्याच्या पोरीसाठी, एवढंच.