मेलेली पट्टी

ऑस्बर्ट, तुझ्या सुरुवातीच्या चारही टेपा
सदरच्या एका पोराने परवा कॉम्प्युटरवर चढवल्या.
म्हणे, काका, हे चौघं तेच आहेत का?
दर टेपेला बँड वेगळाच वाटून राह्यला.

खरंच आहे त्याचं.
पहिल्या टेपेत आपण नुसते पळतोय,
जसं मागे कुणी थकलेल्या भाड्याची पावती घेऊन लागलंय.
मुस्तकीमची क्लॅरिनेट अजून वरातीतून उतरलेली नाही,
दर चार मात्रांनी घोडी नाचवते.
दुसरीत तू एकाएकी म्हातारा. बावीस वर्षांचा म्हातारा.
इतका सावकाश, की दोन सुरांच्या मधे
मुदलियार कामठीला जाऊन जेवून परत येईल.

तिसरी मे महिन्यातली. अजनी, रेल्वेचा हॉल,
शेहेचाळीस डिग्री, आणि तू म्हणालास कूलर बंद करा,
टेपेत घरघर येते.
वाळ्याचा वास राहिला थोडा वेळ, मग तोही सुकला.
मुदलियार बनियनवर. घामाने माझ्या हातातली काडी
दोनदा निसटली, ऐकू येतं ते.
बाहेर मालगाडीचे डबे जोडणं चाललं होतं,
एक धक्का नेमका समेवर आला
आणि तू हसलास.
तेही आहे टेपेत.

पण चौथी.
तोवर उन्हाने पियानोचं लाकूड तडकलं होतं,
मधली एक पट्टी मेली.
दाबली की ठक्, बाकी काही नाही.
ट्यूनर कलकत्त्याहून यायचा, पैसे कुणाकडे?
तू म्हणालास, गणवीर, मी तिथे पोचलो की
जागा सोडीन. तू भर.
भरली. ड्रमच्या काठावर, काडीच्या टोकाने,
पानाच्या कडेला मीठ वाढावं तेवढीच.
रात्री अडीचपर्यंत तू सोडत गेलास, मी वाढत गेलो.

मग तुम्ही सगळे पर्थला गेलात.
पेटारे, आईचं शिलाई मशीन; पोपट शेजारी ठेवला
तो वर्षभर तुझ्या बापासारखी शिट्टी द्यायचा,
गाडी सुटल्याची.

तिकडच्या तुझ्या रेकॉर्ड मागवल्या मी,
मिलच्या पगारातून, एकेक.
बायको म्हणायची, काहून जी, पोरांच्या चपला घ्यायच्या आहेत.
पियानो तिकडचा लखलखीत.
सगळ्या पट्ट्या जित्या.

तरी त्या जागी आलास की थांबतोस.
केसाएवढा.
तिकडचा ड्रमर तयारीचा आहे, हात हलका,
पण त्याला कुणी सांगितलं नाही.
तो झांजेवरून सरळ निघून जातो
आणि जागा तशीच राहते,
पस्तीस वर्षं, अकरा रेकॉर्डी, तशीच.

काल रात्री इंदोऱ्याच्या घरात
नात उठून आली. आबा,
अंधारात काय करून राह्यले?
काही नाही, बाई. नीज तू.

हातात चमचा होता,
पुढ्यात पातेलं,
आणि तू त्या सुराकडे येत होतास.